बदलीचा माणूस कोण देणार?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई 19 वर्षं अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात होत्या. गेली 11 वर्षं त्या आपत्कालीन सेवेतल्या माणसांसाठी समुपदेशनाचं काम करतात.)

मागच्या महिन्यात मी एवढंच लिहिलं होतं की आग विझवणाऱ्या, रुग्णवाहिकेवर धावणाऱ्या माणसांच्या मनाच्या उपचाराचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायला हवा आणि तो दरवर्षी व्हायला हवा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे मिस्टर 16 वर्षं अग्निशमन दलात आहेत. आठ महिन्यांपूर्वी एका आगीतून त्यांनी दोन मुलांना बाहेर काढलं, पण दोन्ही मुलं वाचली नाहीत. तेव्हापासून झोप नाही. दार आपटलं तरी ओरडतात. आमच्या लहान मुलाला कडेवर घेत नाहीत. त्या आगीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या जवानांना एका खोलीत बसवून कुणी तज्ज्ञांनी दोन तास बोलतं केलं, प्रत्येकाला काय पाहिलं ते सांगायला लावलं आणि सह्या घेतल्या. आता वरिष्ठ म्हणतात, ‘तुझं समुपदेशन झालंय की.’ हे पुन्हा कुणाकडे जायला तयार नाहीत. नोंद झाली तर गाडीवरून काढून टेबलावर बसवतील, असं म्हणतात. मी काय करू?

उत्तर : वहिनी, मुलाला कडेवर घेत नाहीत, ही तुमच्या पत्रातली ओळ मी पुन्हापुन्हा वाचली. त्यांची माया आटलेली नाही. त्या दिवशी त्यांच्या हातांनी जे वजन उचललं ते हातांना आठवतं, आणि तेवढ्याच वजनाचं मूल पुन्हा उचलायला हात धजत नाहीत. आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट टाळणं, झोप उडणं, आवाजाला दचकणं, चटकन संतापणं हे सगळं एकाच दुखण्याचं आहे. डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला आपल्या आजारांच्या यादीत हे नाव दिलं. असं काही पाहिल्यावर पहिले काही आठवडे कुणाचीही झोप उडते, आणि बहुतेकांची ती आपोआप परतही येते. पण आठ महिने म्हणजे वाट पाहण्याचा काळ केव्हाच उलटून गेला. आता उपचार हवा.

त्या दोन तासांविषयी सविस्तर सांगते, कारण ‘झालंय की’ या दोन शब्दांपायी कितीतरी जवान घरी बसून कुढताना मी पाहिलेत. ही पद्धत 1983 मध्ये जेफ्री मिचेल यांनी मांडली. ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामातून आलेले, त्यामुळे तळमळ खरी होती. घटना घडली की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करायचं, म्हणजे मन मोकळं होईल, असा विचार त्यामागे होता. पुढे संशोधकांनी ती तपासायला घेतली. 1997 मध्ये ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना असं एका बैठकीत बोलतं केलं होतं त्यांच्यापैकी 26 टक्क्यांना वर्षभरानंतर आघातोत्तर तणाव होता. ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण 9 टक्के होतं. बोलतं केलेल्या गटातल्या रुग्णांच्या जखमा मुळात जास्त गंभीर होत्या, तेव्हा सगळा दोष त्या बैठकीला देता येणार नाही. पण 2002 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं घेतला, त्यातही एका बैठकीनं आजार टळतो असं दिसलं नाही. उलट काहींना त्रास होऊ शकतो, असंच दिसलं. इतकी वर्षं उलटूनही ही बैठक चालू आहे, कारण ती स्वस्त आहे आणि सह्यांचा कागद फाइलला लावता येतो.

तेव्हा मिस्टरांना त्या खोलीत बरं वाटलं नाही, यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांचा उपचार अजून सुरूच झालेला नाही, हे त्यांना याच शब्दांत सांगा. ज्या उपचाराचा उपयोग होतो असं तपासून पाहिलेलं आहे तो शिकलेल्या माणसाकडे, एकट्यानं, साधारण आठ ते बारा बैठकींत होतो. आघातावर केंद्रित असलेली वर्तनोपचाराची पद्धत आहे, डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्यानं करायची ईएमडीआर नावाची दुसरी पद्धत आहे. त्यात आठवण पुसत नाहीत. ती आठवण आज, आत्ता घडतेय असं जे वाटत राहतं, ते थांबतं.

आता त्यांच्या भीतीबद्दल. ती खरी आहे. शेरा पडून लोकांना टेबलावर बसवलेलं मी स्वतः पाहिलंय, ‘ती काही नाही, मनाचे खेळ’ असं मी त्यांना सांगणार नाही. म्हणून पहिली भेट खात्याबाहेरच्या तज्ज्ञाकडे ठरवा आणि दोन गोष्टी आधीच विचारून घ्या : माझी कागदपत्रं कुठे राहतात, आणि माझ्या परवानगीशिवाय ती कोण पाहू शकतं? उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर दुसरीकडे जा. पहिल्यांदा तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. त्यांच्या पाळीतल्या एखाद्या जुन्या जाणत्या सहकाऱ्याला घरी बोलवा. बायकोनं सांगितलेलं जे कानाआड जातं ते सोबत पाण्याचा होज धरलेल्या जोडीदारानं सांगितलं तर कधीकधी आत पोचतं.

आणि त्यांच्या बोलण्यात कधी ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही आलं, तर त्यांना एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्या दिवशी खातं, शेरा, टेबल, कशाचाही विचार करू नका.

प्रश्न : मी लहान व्यवसाय करतो आणि कर वेळेवर भरतो. या माणसांविषयी मला आदर आहे. पण हे काम त्यांनी स्वतः निवडलेलं आहे. गटारात उतरणाऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या मनाचं काय? सगळ्यांचाच खर्च आम्ही कुठवर उचलायचा?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला पूर्ण पटतो. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या मनाचा खर्चही सार्वजनिकच असायला हवा, आणि त्यासाठी कुणी पत्रक काढलं तर माझी सही त्यावर पहिली असेल. एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं कमी होतं, असा हा हिशेब नाही.

‘स्वतः निवडलं’ हे मात्र मला अर्धंच खरं वाटतं. माणूस काम निवडतो. त्या कामात एका महिन्यात किती मृत्यू पाहायचे, किती पाळ्या सलग करायच्या, किती कमी माणसांत गाडी न्यायची, हे तो निवडत नाही. ते खातं ठरवतं. ऑस्ट्रेलियात बियाँड ब्लू या संस्थेनं 2018 मध्ये पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सेवांतल्या 21,014 आजी-माजी कर्मचाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची पाहणी प्रसिद्ध केली. कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 10 टक्क्यांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणं होती. तिथल्या एकूण प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण तेव्हा 4 टक्के धरलं होतं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट : वाईट वागणूक, आधार न देणारे वरिष्ठ, कामाची वाईट रीत यांनी मनाला होणारी इजा भयंकर प्रसंग पाहून होणाऱ्या इजेइतकीच मोठी निघाली. म्हणजे निम्मी इजा आग करते आणि निम्मी कचेरी करते, असं मी माझ्या शब्दांत म्हणेन. कचेरी सार्वजनिक असेल तर तिनं केलेल्या इजेचं बिल दुसऱ्या कुणाला देणार?

शिवाय हा खर्च तुम्ही आजही करताच आहात, फक्त तो दिसत नाही. लांबलेली आजारपणाची रजा, वेळेआधी घेतलेली निवृत्ती, सोडून गेलेल्या जवानाच्या जागी नव्याचं प्रशिक्षण, सगळं त्याच करातून जातं. ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्स राज्याच्या अग्निशमन सेवेतला एक अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात आला. तिथे जवानांना काहीच शिकवलं नाही. त्यांच्या वरिष्ठांना फक्त चार तास शिकवलं : त्रासात असलेला माणूस ओळखायचा कसा, त्याच्याशी बोलायचं कसं, रजेवर असला तर फोन करायचा का. सहा महिन्यांत कामामुळे होणाऱ्या आजारपणाच्या रजा कमी झाल्या, आणि घातलेल्या प्रत्येक पाउंडामागे सुमारे दहा पाउंड वाचले, असा हिशेब निघाला. चार तासांत! मी आजवर जेवढ्या अधिकाऱ्यांना भेटते तेवढ्यांना हा एकच अभ्यास सांगत असते.

प्रश्न : मी पगारी नाही, स्वयंसेवक आहे. पूर, दरड, अपघात, कुठेही बोलावलं की जातो. माझा यात काही हक्क आहे का?

उत्तर : असायला हवा. मृतदेह बाहेर काढताना तो कोण काढतोय, पगारी की बिनपगारी, हे मन विचारत नाही. वर सांगितलेल्या पाहणीत स्वयंसेवक मोजले होते, कारण मोजल्याशिवाय तरतूद होत नाही. तुमच्या पथकाला कुणी बोलावतं, तेव्हा बोलावणाऱ्याकडून विम्याइतकंच हेही लेखी मागून घ्या.

प्रश्न : मी रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा खजिनदार आहे. खूप पाठपुराव्यानंतर यंदा कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एक वर्षाचा निधी मिळाला आहे, पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. वरून तीन प्रस्ताव आलेत : एका प्रसिद्ध वक्त्याचं व्याख्यान, विश्रांती कक्षात आरामखुर्च्या, आणि मोबाइलवरचं ॲप. तुम्ही काय कराल?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून आनंद झाला. पैसा हातात आल्यावर थांबून विचारणारा खजिनदार मला फार क्वचित भेटतो. मी या तिन्हींतलं काहीच करणार नाही. खुर्च्या वाईट नाहीत, पण त्या विश्रांतीच्या खर्चातून घ्या, उपचाराच्या नव्हे.

या सगळ्या योजनांत एक खर्च कुणीच लिहीत नाही. समुपदेशकाची फी लिहितात, जागेचं भाडं लिहितात, पत्रकांची छपाई लिहितात. पण तुमचा कर्मचारी मंगळवारी सकाळी अकरा वाजता उपचाराला जाणार, तेव्हा त्याच्या गाडीवर कोण बसणार? बदलीचा माणूस कोण देणार? त्याचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून निघणार? याचं उत्तर नसलं की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ठिकाणी उत्तम तज्ज्ञ बाई नेमल्या होत्या, खोली होती, फलक होता. आठवड्यातून दोन दिवस त्या येऊन बसायच्या, आणि खोली रिकामी असायची. कारण पाळीवरचा माणूस गाडी सोडून येऊ शकत नव्हता आणि सुट्टीवरच्याला दोन तासांचा प्रवास करून यायची ताकद नव्हती. वर्षअखेर अहवालात लिहिलं गेलं : ‘कर्मचाऱ्यांकडून प्रतिसाद नाही.’ पुढच्या वर्षी निधी बंद. ते वाक्य वाचून मी रडले होते, कारण त्या पाळ्यांतल्या किमान चारजणांना मी ओळखत होते, आणि त्यांना यायचं होतं.

म्हणून तुमच्या निधीचा मोठा हिस्सा बदलीच्या तासांसाठी बाजूला काढा. उपचाराची वेळ ही कामाची वेळ धरली जाईल, असं पत्र आधी मिळवा. ते पत्र मिळत नसेल तर बाकी कशावरही सही करू नका.

दुसरं, अर्धवट उपचार सुरू करू नका. अनेक योजना माणशी तीन किंवा चार बैठकांचे पैसे देतात. आघाताच्या उपचारात तिसरी-चौथी बैठक म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा झाकण उघडलेलं असतं. तिथे पैसे संपले म्हणून माणसाला घरी पाठवणं हे शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडण्यासारखं आहे. तेव्हा पन्नासजणांना तीन-तीन बैठका देण्यापेक्षा बाराजणांना पूर्ण बारा द्या, आणि एकेकाचे पूर्ण पैसे सुरुवातीलाच वेगळे ठेवा. बाकीच्यांना नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न तुमच्या छातीवर बसेल. तो आकडा लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रातली सगळ्यांत वजनदार ओळ तीच असेल.

तिसरं, बिल. तज्ज्ञाकडून संघटनेला येणाऱ्या बिलावर नाव नको, फक्त क्रमांक हवा. लेखापरीक्षकाला बैठका मोजता आल्या की पुरे, माणसं मोजायची गरज नाही. हे आधीच लेखी ठरवा, कारण मागाहून कुणीतरी ‘लाभार्थ्यांची यादी’ मागतंच, आणि एकदा ती यादी कचेरीत गेली की पुढची दहा वर्षं कुणी दार ठोठावत नाही.

एक वर्षाच्या पैशातून मागे उरेल असं काय करता येईल, हेही पाहा. पाळीप्रमुखांचं प्रशिक्षण उरतं. प्रत्येक केंद्रावर सहकाऱ्यांनीच निवडलेले एकदोन सोबती तयार करणंही उरतं. अशा सोबत्यानं उपचार करायचे नसतात. त्यानं फक्त आठवड्यानं, महिन्यानं विचारायचं असतं, ‘झोप लागतेय का?’ आणि लागत नसेल तर सोबत जायचं असतं. ब्रिटिश नौदलाच्या मरीन दलात ‘ट्रिम’ नावाची अशी पद्धत तयार झाली आणि पुढे तिथल्या काही आपत्कालीन सेवांनी ती घेतली. फक्त या सोबत्यांवर सगळा भार टाकून तज्ज्ञाचे पैसे वाचवू नका. तेही त्याच गाडीवर बसलेले असतात.

आणि निधी दरवर्षीचा व्हावा म्हणून मागणी आजपासूनच सुरू करा. ब्रिटनमध्ये माइंड या संस्थेनं 2015 मध्ये आपत्कालीन सेवांसाठी ‘ब्लू लाइट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. व्याजदरात लबाडी करणाऱ्या बँकांच्या दंडातून सरकारनं त्याला पैसा दिला होता. कल्पना सुंदर, काम चांगलं झालं. पण दंडाचा पैसा काही कायम येत नाही, आणि 2019 मध्ये तो कार्यक्रम संपला. याउलट अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात बचावकार्य केलेल्यांच्या उपचारांसाठी झॅड्रोगा कायदा झाला. तो मंजूर व्हायला जवळजवळ दहा वर्षं गेली, 2011 च्या जानेवारीत त्यावर सही झाली. आजारी जवान स्वतः संसदेच्या दारात जाऊन उभे राहिले होते. 2015 मध्ये त्यातल्या आरोग्य कार्यक्रमाची मुदत 2090 पर्यंत वाढवली. त्यात उपचार मिळणाऱ्या आजारांच्या यादीत फुप्फुसाच्या आजारांबरोबर आघातोत्तर तणाव आणि नैराश्यही आहे. 2090 हा आकडा तुमच्या बैठकीत वाचून दाखवा. हल्ल्याच्या दिवशी विशीत असलेला जवान म्हातारा होऊन जाईपर्यंतचा हिशेब कुणीतरी केला, असा त्याचा अर्थ आहे.

प्रश्न : मी रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. मी जागेवर कधी गेलेच नाही, रक्त पाहिलं नाही. तरी एका कॉलचा आवाज रोज कानात येतो. गाडीवरची मुलं म्हणतात, ‘तुम्हाला काय, तुम्ही एसीत बसता.’ मला मदत मागायचा अधिकार आहे का?

उत्तर : बाळ, तुझ्या जागी मी 19 वर्षं बसले आहे.

अधिकार आहे. 2013 मध्ये अमेरिकेच्या आजारांच्या यादीची नवी आवृत्ती आली, तिच्यात कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील पुन्हापुन्हा समोर येणं हेही आघाताचं कारण म्हणून स्पष्ट लिहिलं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं 2016 मध्ये कायदा केला की या सेवांतल्या माणसाला आघातोत्तर तणाव झाला तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं, कुठल्या प्रसंगामुळे ते त्यानं सिद्ध करत बसायचं नाही. त्या कायद्यात गाड्या पाठवणारे नियंत्रण कक्षातले लोक पहिल्यापासून आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पाहणीत भरपाई मागितलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी सांगितलं होतं की दावा करण्याच्या प्रक्रियेचाच बरं होण्यावर वाईट परिणाम झाला. म्हणून ‘धरून चालायचं’ हे दोन शब्द मला एवढे मोठे वाटतात.

गाडीवरच्या मुलांना एक गोष्ट माहीत नसते. ते जागेवर पोचतात, काहीतरी करतात, शेवट पाहतात. आपण ऐकतो आणि मग फोन बंद होतो. मी घेतलेल्या एका फोनवरची मुलगी पलंगाखाली लपली होती. मी तिला म्हटलं, गाडी येईपर्यंत माझ्याबरोबर आकडे म्हण. ती सदतीसपर्यंत आली आणि फोनची लाइन तुटली. पुढचा फोन लगेच वाजला, तो घ्यावाच लागला, कारण माझी जागा घ्यायला कक्षात कुणी नव्हतं. त्या मुलीचं काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारायची पद्धत नव्हती. पुढे कित्येक वर्षं मला सदतीस हा आकडा मोठ्यानं उच्चारता येत नव्हता. उपचाराला बसले तेव्हा पहिल्या दिवशी तेवढंच सांगितलं, आणि समोरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

तू तज्ज्ञाकडे जाच. त्याआधी एक कर. नोंदवहीतून त्या कॉलचा क्रमांक काढ, जी गाडी गेली होती तिच्या प्रमुखाला फोन लाव आणि विचार, पुढे काय झालं. शेजारी कुणाला तरी बसव, एकटीनं ऐकू नकोस. आणि तुमच्या कक्षात अशा कॉलनंतर वीस मिनिटं हेडसेट काढून ठेवायला बदलीचं माणूस मिळतं का, ते मला लिहून कळव. या खजिनदार दादांना ते पत्र पाठवायचं आहे.